म्युनिकजवळच्या तळ्यांच्या भागात तीन-चार दिवस सायकलने फिरायचं आहे, कोणता मार्ग घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये मुलाकडे म्युनिकला येताय, पुण्यात दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल मारता आणि इथे आल्प्सच्या पायथ्याशी ‘दोन मोठ्या तळ्यांना प्रदक्षिणा’ घालायचा बेत आहे. मी नऊ वर्षं इथे राहतोय. प्रदक्षिणेचा हट्ट मीही केला होता, म्हणून सांगतो, नका करू.

नकाशावर मोह होतो, कबूल. श्टार्नबेर्गर झे (झे म्हणजे तळं) साधारण पन्नास किलोमीटरचा फेरा, आमरझे त्याहून थोडा कमी. पण श्टार्नबेर्गच्या पश्चिम काठावर बंगले आणि त्यांची कुंपणं. जिथे काठ मोकळा आहे तिथे बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्यांचा मान, सायकलवाल्याने उतरायचं नाहीतर आतल्या रस्त्याने जायचं. त्यात रविवारी एस-बान (इथली लोकल) अर्धं म्युनिक आणून काठावर ओतते. दिवसभर घंटी वाजवत गेलो होतो, पाणी दिसलं ते तुकड्यातुकड्यांत.

त्यापेक्षा नदी धरा. वाटेत तळी येतातच.

पहिला दिवस : म्युनिकहून रेल्वेने मुरनाऊ, तिथे गाडी बदलून ओबरआमरगाऊ. घरांच्या भिंतींवरची चित्रं बघा, चहा घ्या, निघा. इथून आमर-आम्पर सायकलमार्ग सुरू होतो, पांढऱ्या पाटीवर हिरवी अक्षरं शोधत जायचं. नदी एकच, पण तळ्यात शिरेपर्यंत तिचं नाव आमर आणि पलीकडून बाहेर पडली की आम्पर, लग्नानंतर नाव बदलावं तसं. गाव आठशे मीटरच्या वर, आमरझे ५३३ मीटरवर. म्हणजे सगळा उतारच, असं वाटेल. तसं नाही. झाउलग्रुबपासून पाइसनबेर्गपर्यंत नदी खोल घळीतून वाहते आणि रस्ता तिच्या डोक्यावरून वरखाली होत राहतो. एशेल्सबाखच्या पुलावर थांबून खाली बघा, नदी सत्तरेक मीटर खाली असते. हा सगळा भाग हिमनद्यांनी ढकलून आणलेल्या दगडमातीच्या टेकड्यांचा. खंबाटकीसारखा एक सलग घाट नाही, पण छोटे चढ संपता संपत नाहीत. पाय त्यांनीच भरून येतात.

इथेच माझी फजिती झाली. भाड्याच्या सायकलला मागे पेडल मारलं की ब्रेक लागतो अशी सोय होती, जर्मनीत अजून सर्रास असते. दुकानदाराने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आपल्याला उतारावर पेडल सहज उलटं फिरवायची सवय. झाउलग्रुबच्या पुढच्या उतारावर फिरवलं आणि मागचं चाक जागीच जाम. खडीवर दोन-तीन मीटर फरफटत गेलो, कोपर सोललं, थोडक्यात वाचलो. सायकल घेताना दुकानातच पेडल उलटं फिरवून बघा. टायरही जरा रुंद, पस्तीस-चाळीस मिलिमीटरचे मागा, कारण मार्गाचा बराच भाग दाबलेल्या बारीक खडीचा आहे.

वाइलहाइमनंतर मात्र सगळं सपाट. राइस्टिंगजवळ शेतात अचानक प्रचंड पांढऱ्या तबकड्या उभ्या दिसतात, उपग्रहांशी बोलणारं जुनं केंद्र. नारायणगावजवळच्या आर्वीची तबकडी पाहिली असेल तर ओळख पटेल. मुक्काम डीसनला, आमरझेच्या काठी. एकूण साठ-पासष्ट किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी सायकल बोटीत घालून पलीकडे हेर्शिंगला जा. सायकलीचे पैसे वेगळे आणि जागा मोजकी, म्हणून सकाळची बोट बरी. हेर्शिंगहून आंडेक्सच्या मठापर्यंत पावणेदोनशे मीटरचा चढ. घळीतली पायवाट चालणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही रस्त्याने जा. मठाची स्वतःची बिअर आहे. त्यातली काळी डोपेलबॉक सात टक्क्यांच्या आसपासची, ती पिऊन पुढचा उतार उतरू नका. सायकलस्वारालाही इथे दारूची मर्यादा लागू असते. शाकाहारी असाल तर ओबात्स्डा (लोणी-पाप्रिका घालून मळलेलं चीज), ब्रेत्सल (गाठीच्या आकाराचा पाव) आणि मीठ लावलेला पांढरा मुळा. मुळा न तुटता स्प्रिंगसारखा लांबच लांब कापलेला असतो, मिठाने पाणी सुटलं की मऊ पडतो. बव्हेरियातल्या पारंपरिक बिअरबागेत पेय त्यांचं घेतलं की खाणं घरचं चालतं. आमच्या दशम्या आणि लसणाची चटणी शेजारच्या आजोबांनी चाखली होती, त्यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आंडेक्सहून माख्टलफिंग, ट्राउबिंग करत टुट्सिंगला उतरलात की दुसरं तळं, श्टार्नबेर्गर झे. आता दक्षिणेला झेसहाउप्टला वळसा घालून पूर्व काठाने वर या. हा काठ खरा. आंबाखपासून बेर्गपर्यंत पाण्यालगतचा रस्ता, गाड्या अगदी कमी, डाव्या हाताला तळं. मागे वळलात आणि हवा स्वच्छ असली तर आल्प्सची पूर्ण रांग. बेर्गजवळ पाण्यात एक क्रूस उभा दिसेल. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग १३ जून १८८६ रोजी तिथेच मेला, सोबत त्याचा डॉक्टरही. कसा, यावर इथे अजून वाद घालतात.

जूनमध्ये दुपारनंतर वादळ येऊ शकतं. तळ्याकाठी खांबांवर नारिंगी दिवे असतात. मिनिटाला चाळीस वेळा लुकलुकले तर सावध राहायचं, नव्वद वेळा म्हणजे वादळ आलंच. दिवे नावाड्यांसाठी असले तरी मी मोजतो आणि छप्पर शोधतो.

तिसरा दिवस छोटा. बेर्गहून वोल्फ्राट्सहाउझन, तिथे लोइझाख नदी इझारला मिळते, मग शेफ्टलार्नच्या मठावरून इझारकाठाने थेट म्युनिक. वाळवंटावर विवस्त्र ऊन खाणारी मंडळी दिसतील, कुणी लक्ष देत नाही, तुम्हीही देऊ नका.

काही बारक्या गोष्टी. डॉइचलांड-तिकिटात (देशभरातल्या लोकल गाड्यांचा महिन्याचा पास) सायकल येत नाही, तिचं तिकीट वेगळं, आणि कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी एस-बानमध्ये सायकल चढवू देत नाहीत. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच केळी-बिस्किटं घेऊन ठेवा. पाणी संपलं तर गावच्या दफनभूमीत नळ असतो, इथले सायकलवाले बिनदिक्कत तिथे बाटली भरतात. फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी नाही ना, ते बघा.

चौथा दिवस हाताशी असेल तर रेल्वेने मिटनवाल्डला जा आणि इझारच्या कडेने लेंगग्रीसपर्यंत या, पन्नासेक किलोमीटर. वाटेत झिल्व्हेनश्टाइनचं धरण लागतं, १९५९ साली पूर्ण झालं, जुनं फाल गाव त्याच्या पाण्याखाली गेलं. पण मला आवडतो तो त्याआधीचा, वालगाऊ ते फोर्डररिसचा टोलरस्ता. टोल फक्त गाड्यांना. पांढऱ्या गोट्यांच्या रुंद पात्रात हिरवट निळं पाणी चार-पाच धारांत फुटलेलं आणि दोन्ही बाजूंना जंगल. बाटल्या वालगाऊलाच भरून घ्या, पुढचे पंधरा किलोमीटर ना नळ ना दफनभूमी.