पाच गोल : नशीब किती, खेळ किती?

प्रश्न : ३१ मे २०२५ला म्युनिकमध्ये युरोपच्या क्लब फुटबॉलमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पीएसजीने (पॅरिस सेंट-जर्मेन) इटलीच्या इंटर मिलानला ५-० हरवलं. आमच्या तालमीत त्यावरून अजून वाद चालतो. उपांत्य फेरीत बार्सिलोनाला दोन लढतींत मिळून ७-६ने बाहेर काढणारा संघ एवढा कच्चा कसा? हा फ्लूकच नाही का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पराभव फ्लूक नव्हता. पाच गोलांच्या फरकात मात्र नशिबाचा वाटा आहे. हे दोन मुद्दे वेगळे काढा, निम्मा वाद तिथेच मिटेल.

पहिली वीस मिनिटं पुन्हा पाहा. इंटरची गोलकिक असली की पीएसजीचा डेम्बेले गोलसमोरच्या बॉक्सच्या रेषेवर, थेट गोलरक्षक सोमरवर डोळे रोखून उभा. जवळचा पास बंद झाला की चेंडू लांब मारावा लागतो आणि ताबा सुटतो. १२व्या मिनिटाला पीएसजीच्या व्हितिन्याने बॉक्समध्ये सहकारी दुएला पास दिला. इंटरची बचावफळी पुढे सरकली, त्यांचा दिमार्को मागेच राहिला, त्यामुळे ऑफसाइड (बचावफळीच्या मागे उभं राहून पास घेण्याचा दोष) झाला नाही. पीएसजीच्या हकीमीला चेंडू फक्त आत ढकलायचा होता. यात नशीब कुठे आलं? २०व्या मिनिटाला दुएचा फटका दिमार्कोला लागून वळला, ते नशीब खरं. पण तो हल्ला सुरू झाला पीएसजीचा बचावपटू पाचोमुळे. त्याने आपल्याच कोपऱ्यात बाहेर जाणारा चेंडू धडपडून मैदानात ठेवला होता.

०-२नंतर इंटरला पुढे येणं भाग होतं, आणि मागची मोकळी जागा हेच पीएसजीचं खाद्य. त्यात इंटरचा बचावपटू पावार बाहेर गेला, त्याच्या जागी आलेला बिसेकही थोड्याच वेळात जायबंदी झाला. ६३, ७३ आणि ८६व्या मिनिटांचे गोल म्हणजे पहिल्या दोन गोलांवरचं व्याज.

बार्सिलोनाचं उदाहरण तर उलट बाजूने बोलतं. या स्पर्धेत अंतिम सामन्याआधीच्या १४ सामन्यांत इंटरने ११ गोल खाल्ले होते, त्यातले ६ त्या दोनच लढतींत. वेगवान विंगर (कडेने धावणारे आक्रमक) समोर आले की ही फळी उसवते, हे तेव्हाच दिसलं होतं. इंटरचा आचेर्बी तेव्हा ३७ वर्षांचा आणि मखितारियान ३६चा होता, हेही विसरू नका.

प्रश्न : मग तोच पीएसजी १३ जुलै २०२५ला क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या चेल्सीकडून ०-३ कसा हरला?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : हा पराभव मला जास्त बोलका वाटतो. २२, ३० आणि ४३वं मिनिट, तिन्ही गोल मध्यंतराआधीचे. शेवटी हतबल होऊन खाल्लेला एकही नाही. पीएसजीचे बॅक (कडेचे बचावपटू) खूप वर चढतात. चेल्सीने प्रेसिंगमध्ये (पुढे येऊन चेंडू हिसकावण्याच्या दबावात) न अडकता वरून लांब चेंडू टाकले, तेही पीएसजीचा डावा बॅक नुनो मेंडेसच्या पाठीमागे. चेल्सीच्या पामरचे दोन्ही गोल त्याच बाजूने आले. पाचो निलंबित होता, त्याच्या जागी बेराल्दो खेळला. पहिल्या गोलाच्या वेळी चूक मात्र मेंडेसकडून झाली.

प्रश्न : फ्लूक ओळखायचा कसा?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : वही घ्या आणि दोन गोलांचा फरक पडेपर्यंतचेच फटके लिहा. बॉक्सबाहेरून मारलेल्या शंभर फटक्यांत जेमतेम चार-पाच आत जातात, पेनल्टी मात्र दहात सात-आठ. अंगाला लागून वळलेल्या चेंडूवर खूण करा. प्रत्येक संधी कोणत्या बाजूने आली तेही टिपा. एकाच वाटेने तीनदा आली, तर तिथे बचावाला भोक आहे.