वाचकांचे प्रश्न : गाजराची बासरी

प्रश्न : इंटरनेटवरील एका चित्रफितीत काही वादक गाजर फुंकताना आणि भोपळा बडवताना दिसले. हे खरे वादन आहे की नुसती करामत?

उत्तर : वादन अगदी खरे आहे. व्हिएन्ना शहरात १९९८ साली स्थापन झालेला ‘व्हेजिटेबल ऑर्केस्ट्रा’ हा वाद्यवृंद प्रत्येक कार्यक्रमाआधी ताज्या भाज्या आणून, त्या कोरून आणि भोके पाडून नवी वाद्ये घडवतो. पोकळ काकडीच्या एका टोकाला गाजराची फुंकणी आणि दुसऱ्या टोकाला ढोबळी मिरची बसवली, की तुतारीसारखे वाद्य तयार होते. ते फुंकताना मिरचीचे तोंड हाताने कमीजास्त झाकले की आवाज बदलतो. लीक नावाच्या पातीच्या कांद्यासारख्या भाजीची पाने एकमेकांवर घासून हे वादक व्हायोलिनसारखा किरकिरता स्वर काढतात, आणि मला तोच सर्वांत मोहक वाटतो.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा पूर्ण वाळवून घेतात, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. येथे मात्र भाजी ओली असल्यामुळे ती वाजवता वाजवता सुकते आणि सूर ढळू लागतो. त्यामुळे हे वादन मला अधिकच अवघड आणि कौतुकास्पद वाटते. कार्यक्रमानंतर श्रोत्यांना भाज्यांचे गरम सूपही दिले जाते.