मिठागराच्या चित्राबद्दल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवर पाठवलेलं तुझं चित्र पाहिलं. आगरवाड्याचं मिठागर, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका आणि मागे केशरी सूर्यास्त. हात चांगलाच बसलाय तुझा, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्पष्टच लिहितो. हे चित्र उद्या कळंगुटच्या एखाद्या हॉटेलच्या लॉबीत लावलं, तर येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही खटकणार नाही. कष्टाचं, विषमतेचं चित्र म्हणून काढलंस ना? मग कुठेतरी खटकायला हवं.

आपल्याकडे कुणबिणीचं चित्र हा धंदाच होऊन बसलाय. लाल चौकडीचं लुगडं, केसांत फूल, कमरेवर कळशी, मागे हिरवंगार शेत. ते शेत कोणाचं, तिला मजुरी किती, हे चित्रकाराने विचारलेलंच नसतं. दुसरं टोकही तितकंच वाईट: सुरकुतलेला चेहरा, डोळ्यांत पाणी, सगळं कोळशाने काळंकुट्ट. बघणाऱ्याला कीव येते, आणि कीव आली की तो मोकळा होतो.

फ्रेंच चित्रकार मिलेचं सरवा वेचणाऱ्या बायकांचं चित्र, 1857 सालचं, फोनवर काढ आणि मोठं करून नीट बघ. पुढे तिघी जणी. दोघी पार जमिनीपर्यंत वाकलेल्या, तिसरी अर्धवट वाकलेली. चेहरा एकीचाही धड दिसत नाही. क्षितिज इतकं वर धरलंय की तिघी जवळजवळ पूर्ण मातीतच राहतात, आभाळ त्यांच्या वाट्याला येतच नाही. आता मागे बघ. तिथे लख्ख उजेड आहे, पिकाच्या गंजी आहेत, भरलेली गाडी आहे, मजुरांचा घोळका आहे आणि उजव्या बाजूला घोड्यावर बसलेला मुकादम. नखाएवढा. कापणी उरकली की खाली सांडलेलं वेचायची गरिबांना मुभा असे, तेवढंच या वेचताहेत. तू ज्याला विषमता म्हणतोस ती त्यांच्या आणि गंजींच्या मधल्या रिकाम्या शेतात आहे. मिलेने कोणाला रडवलं नाही, कोणाला दुष्टही केलं नाही, फक्त कोण जवळ आणि कोण लांब हे ठरवलं. फ्रान्समधल्या 1848 च्या क्रांतीला तेव्हा नऊच वर्षं झाली होती. म्हणून पॅरिसच्या प्रदर्शनात काही टीकाकारांनी या तीन वाकलेल्या बायकांचीच धास्ती घेतली!

रशियन चित्रकार रेपिनचं व्होल्गाकाठी गलबत ओढणाऱ्यांचं चित्रही बघून ठेव. अकराजण पट्ट्यात जुंपलेले, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एक कोवळा पोरगा तेवढा ताठ होऊन पट्टा सैल करू बघतोय. लांबवर एक आगबोट धूर सोडत चाललीय, ती चुकवू नकोस. यंत्र आलंय, तरी माणूस जुंपलेलाच आहे. मला तर अख्खं चित्र त्या धुरात दिसतं.

तुझ्या मिठागरात सगळ्याच बायका एकाच अंतरावर आहेत आणि दुसरं कोणीच नाही. मीठ काय आपोआप बाजारात जातं? आगर कोणाचं, भाव कोण ठरवतो, बांधावर टेम्पो घेऊन कोण येतो, हे विचारून ये. त्याला चित्रात जागा दे. मात्र गळ्यात सोन्याची साखळी आणि पोट सुटलेला भाटकार, म्हणजे जमीनमालक, नको. तो नाटकात शोभतो. बांधावर सावलीत उभा राहून वहीत आकडे लिहिणारा साधा माणूस पुरे.

आणि सूर्यास्त काढून टाक. तुला रंग आवडतात त्या वेळी जाऊ नकोस, त्यांचं काम चालू असेल त्या वेळी जा. खाऱ्या पाण्यात उभं राहून पाय कसे फुटतात ते बघ. लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढताना वजन कोणत्या पायावर येतं, पाटी डोक्यावर चढवताना दुसरीचा हात कुठे लागतो, ते बघ. तुझ्या चित्रातल्या पाट्या रिकाम्या वाटतात, कारण मानेवर ताण नाही. व्हॅन गॉगने 1885 मध्ये 'बटाटे खाणारे' रंगवलं, त्याआधीचा अख्खा हिवाळा तो शेतकऱ्यांची डोकी आणि हात काढत होता. तू फोनमधल्या फोटोवरून काढतोयस, हे मला पायांवरूनच कळलं.

विचारल्याशिवाय फोटो मात्र काढू नकोस. आधी बोल, मग वही उघड, आणि काढलेलं त्यांना दाखव. माझ्यापेक्षा त्या नेमकी चूक काढतील.

कातडीचा रंग जमत नाही म्हणालास. पणजीला गेलास की फोंतेन्यसमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे चित्रकार त्रिंदादांची चित्रं आहेत, ती बघ. सांग्याचा माणूस. सावळ्या अंगावर उजेड कसा ठेवावा हे त्यांच्याइतकं चांगलं मला शिकवता येणार नाही.

रविवारी ये. कॅनव्हास आणू नकोस, फक्त पायांची रेखाटनं आण.

तुझा,
सर