मेक्सिकन फेंडर घ्यावी की स्क्वायर-यामाहा? पहिली इलेक्ट्रिक गिटार, मुंबई, बजेट ९० हजार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर अकूस्टिक वाजवली आहे, आता पहिली इलेक्ट्रिक घ्यायची आहे, घर वन-बीएचके, खिशात ९० हजार. मेक्सिकोत बनलेली फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर (थोडक्यात स्ट्रॅट) त्यात जेमतेम बसते. मित्र म्हणतात, "एकदाच घ्यायची तर नाववालीच घे." त्याऐवजी निम्म्या किमतीतली स्क्वायर किंवा यामाहा घेतली तर पुढे पस्तावाल का?

नाही. स्क्वायर क्लासिक वाइब किंवा यामाहा पॅसिफिका ११२ घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला ॲम्प घ्या. तुमच्या हिशेबात ॲम्पचं नावच नाही, खरी गोची तिथेच आहे. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज कानावर पडतो, त्यातला मोठा वाटा ॲम्प आणि स्पीकरचा असतो. फेंडर घेऊन ती उरलेल्या चार-पाच हजारांच्या डब्यात लावली, तर ऐकू येणार तो डबाच.

आधी नावांचा गुंता सोडवू. स्क्वायर ही फेंडरची नक्कल नाही, फेंडरच्याच मालकीचा ब्रँड आहे. मुळात ती तारा बनवणारी कंपनी होती. फेंडरने ती १९६५ मध्ये घेतली आणि १९८२ पासून ते नाव स्वस्त गिटारींवर टाकायला सुरुवात केली. म्हणून तिचा आकार, हेडस्टॉक (किल्ल्या बसवलेला टोकाचा भाग), ६४८ मिमीची स्केल (तारेची वाजणारी लांबी) सगळं फेंडरसारखंच, आणि तेही रीतसर. गिब्सन ही दुसरी मोठी गिटार कंपनी आणि एपिफोन यांचं नातं असंच आहे, एपिफोन १९५७ पासून गिब्सनकडे आहे. गिव्हसन मात्र निराळी. ती भारतीय कंपनी आहे, गिब्सनशी तिचा संबंध नाही, नाव वाचताना घाई करू नका. फेंडरच्या अमेरिकन गिटारी कॅलिफोर्नियातल्या कोरोनात बनतात, प्लेअर मालिका मेक्सिकोतल्या एन्सेनाडात, आणि स्क्वायर बहुतेक इंडोनेशिया-चीनमध्ये. कॉर्टच्या इंडोनेशियातल्या कारखान्यात तर इतरही बऱ्याच नामांकित कंपन्यांचा माल तयार होतो. तेव्हा "इंडोनेशियाची आहे म्हणजे कच्ची" हे गणित केव्हाच मोडीत निघालंय.

मग वरचे पैसे जातात कुठे? लाकडात फारसे नाही. अल्डर की पॉप्लर यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात, पण ॲम्पमधून ऐकताना ते ओळखू येईल या भ्रमात मी तरी नाही. पैसे जातात ते फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) टोकांना दिलेल्या पॉलिशमध्ये, नेकच्या म्हणजे मानेच्या फिनिशमध्ये, ट्यूनिंगच्या किल्ल्यांमध्ये, नटमध्ये (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात तो तुकडा), बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजच्या धातूत आणि आतल्या वायरिंगमध्ये. स्क्वायरच्या अगदी खालच्या मालिकांत पिकअपला (तारांची कंपनं पकडून ॲम्पकडे पाठवणारा भाग) सिरॅमिक चुंबक असतात. आवाज थोडा टोकदार येतो, वाईट नाही, पण व्हॉल्यूम कमी केला की लवकर निस्तेज होतो. क्लासिक वाइबमध्ये अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचे पिकअप आहेत, म्हणजे मेक्सिकन प्लेअरच्याच जातीचे. पॅसिफिका ११२ मध्ये ब्रिजपाशी हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, असतो. ११२ व्ही घेतली तर टोनचा नॉब वर ओढल्यावर तोच हंबकर सिंगल कॉइलसारखा, म्हणजे स्ट्रॅटच्या एका कॉइलच्या पिकअपसारखा, वाजतो. काय आवडेल हे अजून ठरलेलं नसेल, तर माझा कौल पॅसिफिकाला. स्ट्रॅटचाच आवाज डोक्यात बसला असेल तर क्लासिक वाइब.

स्वस्त गिटारीत खरी अडचण ही की एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो. महागड्या गिटारीतही असतो, पण कमी. म्हणून पहिली गिटार ऑनलाइन मागवू नका. धोबी तलावला १८६५ मध्ये सुरू झालेल्या फुर्तादोजचं वाद्यांचं दुकान आहे, वांद्रे-खार भागातही दुकानं आहेत. तिथे जाऊन त्याच मॉडेलचे दोन-तीन नग काढायला सांगा. सोबत क्लिपवाला ट्यूनर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड आणि एटीएम कार्ड न्या.

ॲम्पला न लावता सुरुवात करा. अंगठा आणि तर्जनीत नेक धरून दोन्ही कडांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवा. फ्रेटची टोकं बोचली तर तो नग बाजूला ठेवा. फिंगरबोर्डचं लाकूड सुकून आकसलं की टोकं बाहेर येतात. मुंबईच्या दमट हवेत हे कमी होतं, पण दुकानातल्या किंवा गोदामातल्या अखंड एसीत राहिलेल्या गिटारीत सर्रास दिसतं.

मग हेडस्टॉकच्या बाजूने एक डोळा मिटून नेककडे बघा. दोन्ही कडा सारख्या दिसायला हव्यात. नेकला थोडा पुढे बाक असेल तर हरकत नाही, ट्रस रॉडने (नेकच्या आतली, स्क्रूने आवळता येणारी सळई) तो काढता येतो. पीळ असेल तर कितीही सूट दिली तरी घेऊ नका, पीळ ट्रस रॉडने जात नाही. बाक मोजायला सर्वात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा, आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. फेंडरचं स्वतःचं माप ०.२५ मिमी आहे, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, मात्र १७व्या फ्रेटवर मोजतात, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत १.६ मिमी. दुकानात टांगलेल्या गिटारीवर तो बहुधा जास्तच निघेल. तेवढ्यावरून नग बाद करू नका, ते सेटअपमध्ये (कारागिराने नेक, तारा, ब्रिज जुळवून देणं) उतरतं.

सेटअपने न सुटणारी गोष्ट म्हणजे वर-खाली झालेले फ्रेट. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर हलक्या हाताने वाजवा. सगळीकडे थोडी थोडी खरखर असेल तर ॲक्शन खाली आहे, एवढंच. पण एकाच जागी तार झणझणत असेल, तर तिच्या पुढचा फ्रेट उंच आहे. एटीएम कार्डाची कडा सलग तीन फ्रेटवर उभी ठेवा, नटच्या बाजूला लांब कडा आणि पाचव्या-सहाव्या फ्रेटनंतर आखूड. कार्ड सी-सॉसारखं डुललं तर मधला फ्रेट वर आलाय. असा एखादा फ्रेट कारागीर ठोकून किंवा घासून देतो, पण नव्या गिटारीवर तो खर्च तुम्ही का सोसायचा? दुसरा नग मागा.

ट्रस रॉडला कोणत्या मापाची ॲलन की लागते ते विचारून घ्या आणि ती सोबत घ्या. घेतली नाही तर पुढे दोन महिन्यांनी तुम्हालाच शोधत फिरावं लागेल. फिरवताना एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही, आणि मग पुन्हा सूर लावून मोजायचं.

आता ट्यूनिंग. सूर लावा, तिसरी तार दोन-तीनदा जोरात ओढून बेंड करा आणि पुन्हा ट्यूनर बघा. सूर उतरला असेल तर नटच्या मागे, किल्लीच्या बाजूला, तार बोटाने दाबून सोडा. सूर परत जागेवर आला तर दोष किल्लीचा नाही, तार नटच्या खाचेत अडकतेय. शिसपेन्सिलीची पूड खाचेत भरली की बऱ्याचदा काम भागतं, नाहीतर खाच घासून घ्यावी लागते. लोक इथे किल्ल्या बदलून हजारो रुपये घालवतात, आणि नट तसाच राहतो. स्ट्रॅटचा हलणारा ब्रिज वापरणार नसाल तर मागच्या स्प्रिंगचे दोन स्क्रू आवळून तो बॉडीवर टेकवून टाका, निम्मी कटकट मिटते.

मग ॲम्पला लावा. पाचही जागांवर स्विच फिरवा, नॉब सावकाश फिरवा, प्रत्येक पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच टकटक करा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे. हात लावल्यावर वाढली तर आतली ग्राउंडची वायर सुटलेली किंवा प्लगमध्येच गडबड आहे. तसंच, सिंगल कॉइल पिकअप अगदी तारांच्या जवळ चढवून ठेवलेले असले की जाड तारा वरच्या फ्रेटवर बेसूर वाजतात, चुंबक तार ओढून धरतो. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली २.४ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी अंतर ठेवा. हा स्क्रू फिरवण्याचा उद्योग आहे, दोष नव्हे. अर्धेअधिक लोक यालाच "स्वस्त गिटारीचा आवाज" म्हणतात.

घरी आल्यावर मुंबईचे दोन खास त्रास. पहिला वीज. सिंगल कॉइल आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडतं, मग ती फेंडर असो वा स्क्वायर. नाव बघून ती कमी होत नाही. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडीचा डिमर, मोबाइलचा चार्जर यांच्यामुळे त्यात खरखर मिसळते. वाजवताना पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करून बघा, फरक लगेच कळेल. जुन्या चाळीत किंवा जुन्या इमारतीत अर्थिंगची खात्री नसते. इलेक्ट्रिशियनकडून प्लगपॉइंट तपासून घ्या. ॲम्पची तिसरी पिन टाळण्यासाठी दोन पिनांचा अडॅप्टर लावू नका. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा.

दुसरा त्रास पावसाळा. गिटार साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत सुखी असते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तेवढी हवा मिळते कुठे? नेक हलते, तारा गंजतात, नॉब आणि स्विचमध्ये ऑक्साइड धरून खरखर सुरू होते, बॅगेच्या आतल्या कापडाला बुरशी येते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झालं की तारा कोरड्या कापडाने पुसा, कोटेड (गंज रोखणारा थर दिलेल्या) तारा लावा. खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवणं पुरतं. पाऊस सुरू झाला की एकदा आणि सरला की एकदा बाक तपासा. यात महागडी गिटार घेतल्याने एकही काम कमी होत नाही. उलट गिब्सनच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरला स्टँडच्या रबराचा डाग पडतो, गरमीत अजून लवकर.

लोकलने क्लासला किंवा जॅमिंगला जाणार असाल तर अजून एक. स्ट्रॅट किंवा टेलीचा (फेंडरच्याच टेलिकास्टरचा) हेडस्टॉक सरळ असतो आणि नेक चार स्क्रूंवर बसवलेला. लेस पॉल या गिब्सन-एपिफोनच्या मॉडेलचा हेडस्टॉक मागे झुकलेला, गिब्सनवर १७ अंशांनी. पाठीवरची गिटार गर्दीत दाराच्या दांड्यावर आपटली की तिथेच तडा जातो. लेस पॉल घ्यायचीच तर कठीण केस घ्या आणि संध्याकाळची ६.१०ची विरार सोडून द्या.

ॲम्पबद्दल: वन-बीएचकेत मोठा ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) ॲम्प नको. हेडफोनचं छिद्र हवंच, शेजारच्यांचा विचार करा. बॉस कटाना ५० मध्ये ताकद अर्ध्या वॅटवर उतरवायचा स्विच आहे. यामाहाची टीएचआर मालिका टेबलावर ठेवून कमी आवाजात वाजवण्यासाठीच बनवली आहे. दोन्हींत इफेक्ट आत असल्याने पेडलचा खर्च सध्या टळतो.

फेंडर घेणं केव्हा शहाणपणाचं? ॲम्प घरात असेल, वर्षाला थोडेफार कार्यक्रम करत असाल, किंवा दोन-तीन वर्षांनी विकून वर चढायचा विचार असेल तेव्हा. विकताना नावाला भाव मिळतो. स्क्वायरमध्ये नवे पिकअप, नवा ब्रिज बसवून भाव वाढत नाही, ते पैसे बुडीत समजा, मूळ भाग जपून ठेवा. बसवायचेच असतील तर आधी मोजा: स्वस्त गिटारीत छोटे पॉट (नॉबखालचे भाग) असतात, मोठे बसवायला छिद्रं रुंद करावी लागतात, आणि ब्रिजवरचं तारांमधलं अंतरही बरेचदा वेगळं असतं.

तिसरा रस्ता म्हणजे सेकंड हँड फेंडर. किंमत पाडून मागता येते, पण तपासून घ्या. अलीकडच्या मेक्सिकन फेंडरचा क्रमांक एमएक्सने आणि अमेरिकनचा यूएसने सुरू होतो. गिब्सन कोणी फार स्वस्तात देऊ करत असेल तर हेडस्टॉकवरचं ट्रस रॉडचं झाकण बघा. खऱ्याला दोन स्क्रू असतात, नकलीला बरेचदा तीन. झाकण उघडायला सांगा, आत षटकोनी पितळी नट हवा. ॲलन कीचं भोक दिसलं तर गिटार परत करा आणि चहा पिऊन घरी या.

तुम्ही जो नग निवडाल त्यावर बिल करण्याआधी सेटअप दुकानातच करून घ्यायला सांगा, ०९-४२च्या (बारीक जाडीच्या) नव्या तारांसकट. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी गेलात तर माणूस निवांत असतो आणि तीन गिटारी पाळीपाळीने प्लग करायला कंटाळत नाही.