एवढं किचकट चित्र काढायचंच कशाला? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एकेका चित्रावर महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं बसून राहणाऱ्या चित्रकारांबद्दल दोन पानं लिहिली आणि पत्रं, मेसेज, व्हॉइस नोट सगळं सुरू झालं. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, की एवढा खटाटोप कशासाठी. त्यातले पाच प्रश्न घेतलेत, बाकीच्यांनी राग मानू नका, जागाच तेवढी आहे.

इन्स्टावर रोज रील येतात, "२०० तास, फक्त पेन्सिल", शेवटी चित्र आणि फोटो शेजारी शेजारी ठेवतात आणि विचारतात ओळखा खरं कुठलं. माझा मुलगा म्हणतो याला म्हणतात कला. मी म्हणतो मग फोटो काय वाईट? घरात रोज वाद.
– एक वाचक, नाशिक

माझा कल तुमच्याकडे आहे, पण मुलाला एकदम गप्प नका करू हो. २०० तास एका जागी बसणं ही चेष्टा नाही, आणि हात तयार असल्याशिवाय तसं चित्र होतही नाही. फक्त गंमत अशी की त्या रीलमध्ये आपण चित्र बघतच नाही, आपण "अरे वा, सेम टू सेम!" म्हणतो आणि अंगठा पुढे सरकतो. ओळखून झालं की संपलं. मग ते २०० तास गेले कुठे?

आता फोटो बघून काढलं म्हणून ते कमी, असंही नाही बरं का. विजा सेल्मिन्स नावाची चित्रकार आहे, जन्म १९३८, लॅटव्हियातल्या रीगाचा, युद्धात घरदार सोडून पळावं लागलं आणि १९४८ मध्ये कुटुंब अमेरिकेत पोचलं. तिचा स्टुडिओ लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागात होता, जवळच समुद्र, तिथल्या धक्क्यावरून तिने पाण्याचे फोटो काढले आणि १९६० च्या दशकाच्या शेवटापासून ते फोटो समोर ठेवून पेन्सिलने समुद्र काढत बसली. म्हणजे तीसुद्धा फोटोच उतरवत होती! पण त्या चित्रात होडी नाही, पक्षी नाही, किनारा नाही, क्षितिजसुद्धा नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नुसतं हललेलं पाणी, सगळीकडे सारखंच महत्त्वाचं. कागदावर आधी अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर दिलेला, त्यामुळे ग्राफाइट (पेन्सिलीचं शिसं) कागदात मुरत नाही, वरच बसतं आणि एक वेगळीच राखाडी कांती येते. लांबून बघितलं की समुद्र, नाक लावून बघितलं की पेन्सिलच्या खुणा, आणि दोन्ही एकदम काही दिसत नाही, म्हणून माणूस मागे-पुढे करत राहतो. डोळ्याला टेकायला जागाच ठेवलेली नाही तिने.

आणि तुमच्या मुलाला तिचं दुसरं एक काम नक्की दाखवा. न्यू मेक्सिकोत गोळा केलेले अकरा दगड, साधेच, रस्त्यात दिसले तर आपण लाथ मारून पुढे जाऊ असे. प्रत्येकाचा ब्राँझमध्ये जुळा भाऊ ओतला आणि त्यावर ठिपका न् ठिपका, शीर न् शीर रंगवली, १९७७ ते १९८२, पाच वर्षं. दोन्ही शेजारी मांडून ठेवलेत. म्हणजे अगदी रीलवालाच खेळ, ओळखा खरं कुठलं. पण इथे ओळखून झाल्यावर खेळ सुरू होतो, कारण खोटा तपासता तपासता आपण खरा दगडसुद्धा कधी नव्हे एवढा निरखून बघायला लागतो. हे डाग असेच का, ही रेघ इथेच का वळली. पाच वर्षं रंगवण्यात गेली असं आपण म्हणतो, माझ्या मते त्यातली बरीचशी बघण्यात गेली आणि आपल्यालाही ती तेच करायला लावते. रीलमधलं पोर्ट्रेट मला परत त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायला लावत नाही, फक्त काढणाऱ्याला शाबासकी द्यायला लावतं. माझं भांडण एवढंच आहे.

चित्रकार नसरीन मोहमदी यांच्या नुसत्या रेघांच्या चित्रांचे फोटो बघितले. मी पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन होतो, सगळी नोकरी टी-स्क्वेअर (नकाशाची मोठी पट्टी) आणि रोट्रिंग पेनवर गेली. हे तर आमचं रोजचं काम! त्यांना म्युझियम आणि आम्हाला पेन्शन?
– एक निवृत्त वाचक, सोलापूर

काका, पत्र वाचून खूप हसलो, पण खरं सांगू का, ती चित्रं बघायला तुमच्याइतका लायक माणूस नाही. आमच्यासारखे लोक "वा, काय शांतता आहे" वगैरे म्हणून मोकळे होतात. तुम्हाला माहितीये की शाईची रेघ पट्टीला लावून ओढताना सुरुवातीला जरा जरी थांबलं तर तिथे टिंब साचतं, शेवटी पेन उशिरा उचललं तर शेपूट जाड होतं, पट्टीखाली शाई गेली की सगळा दिवस वाया, मग ट्रेसिंग पेपर असेल तर ब्लेडने खरवडत बसा. आता हे डोक्यात ठेवून नसरीनबाईंच्या त्या चित्रांकडे बघा जिथे शेकडो रेघा एकमेकींना न चिकटता जवळजवळ येत जातात, मधलं अंतर हळूहळू कमी होतं, आणि रेघेचं वजन मधेच इतकं हलकं होतं की ती विरून जाते की काय वाटतं.

फरक कुठे आहे? तुमची प्रत्येक रेघ कशाची तरी होती. भिंतीची, बीमची, ड्रेनेजची. साइटवरच्या माणसाला ती वाचता आली की तिचं काम झालं. नसरीनबाईंनी इमारत काढून टाकली आणि रेघ ठेवली. मग त्या रेघेला आधार कशाचा? फक्त शेजारच्या रेघेचा. म्हणून अंतर एक केसभर चुकलं तरी सगळं कोसळतं, आणि तिथे लपवायला प्लास्टर नाही.

बाईंचा जन्म १९३७ चा, कराचीतला, बालपण मुंबईत गेलं, शिक्षण लंडनच्या सेंट मार्टिन्स या आर्ट कॉलेजमध्ये, नंतर काही काळ पॅरिसला. १९७२ पासून बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकवायच्या. चित्रांना नाव नाही, बहुतेकांवर तारीख नाही. शेवटच्या वर्षांत मज्जातंतूंच्या आजाराने शरीरावरचा ताबा सुटत चालला होता, आणि त्याच काळातल्या रेघा बघा, थरथर नाही! मला याचं भावुक काही करायचं नाही, लोक ते फार करतात, पण तुम्ही हात टेकवून रेघा मारलेल्या आहेत म्हणून सांगतो. १९९० मध्ये अलिबागजवळ किहीमला त्या गेल्या. आपल्यातले कितीजण किहीमला शनिवार-रविवार जाऊन मासे खाऊन येतात, हे नाव कोणाच्या कानावर नसतं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने मेट ब्रॉयर नावाची नवी शाखा उघडली तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत एक त्यांचं होतं.

पेन्शनचं मात्र मी काही करू शकत नाही काका.

तुम्ही सगळी मोठमोठी नावं घेता. आमच्याकडची वारली चित्रं पण तेवढीच बारीक असतात, त्यांना मात्र "लोककला" म्हणून वेगळ्या खोलीत का टाकतात?
– एक वाचक, डहाणू

टाकतात हे खरं आहे, आणि चुकीचं आहे. तुमच्याच तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे घ्या ना. कॉफी मगवर आणि हॉटेलच्या भिंतीवर जी काठीकाठीची माणसं छापतात ती विसरा आणि म्हसेंचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र बघा. बांबूची काडी, पांढरा रंग, आणि चित्राचा मोठा भाग व्यापणारं जाळं, त्यातला एकेक डोळा, म्हणजे जाळ्याचं भोक, वेगळा काढलेला, कुठे ताणलेला, कुठे सैल, त्यामुळे जाळं पाण्यात फुगल्यासारखं हलतं. सगळे डोळे मापात एकसारखे काढले असते तर ती खिडकीची जाळी झाली असती. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या म्युझियममध्ये ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँगच्या जोडीने त्यांचं प्रदर्शन झालं, तिथे कोणी वेगळी खोली काढली नाही. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये गेले. खोलीचा प्रश्न आपल्याच डोक्यात जास्त आहे असं मला वाटतं, कारण आपण ते चित्र शोभेची वस्तू म्हणून घेतो आणि काढणाऱ्याचं नाव विचारायचं राहून जातं.

अमेरिकन कलाकार सोल लेविट म्हणे नुसत्या सूचना लिहायचा आणि भिंतीवर रेघा दुसरेच काढायचे. मग मेहनत कोणाची आणि नाव कोणाचं?
– एक वाचक, ठाणे

मेहनत त्यांची, नाव याचं, हो. १९६८ पासून त्याने हे सुरू केलं, कागदावर सूचना, आणि ते करणारे हात वेगळे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये मास मोका नावाचं म्युझियम आहे तिथे त्याची १०५ भित्तिचित्रं एकाच इमारतीत आहेत, २००८ ला उघडली, २०४३ पर्यंत ठेवायची ठरलंय, आणि लेविट स्वतः २००७ मध्येच गेला होता. म्हणजे चित्रं काढली जात होती तेव्हा चित्रकार हयातही नव्हता. काढणाऱ्यांनी महिनोन्महिने पेन्सिलींना टोकं काढत रेघा मारल्या. संगीतात आपल्याला याचं काही वाटत नाही, चाल एकाची, गाणारा दुसरा, चित्रात आलं की आपण बिचकतो. मला स्वतःला त्याची चित्रं आवडतात पण नसरीनबाईंच्या शेजारी ठेवली तर थोडी कोरडी वाटतात, ही माझी आवड समजा.

मुलगी बारावीला आहे, आर्टला जायचंय. तासन् तास मायक्रॉन पेनने (बारीक टोकाचं शाईचं पेन) बारीक काम करते, मान दुखते, डोळे लाल होतात. तिचे एक सर म्हणतात हे नुसतं डिझाइन आहे, यात कला नाही. काय करावं?
– एक आई, कोल्हापूर

ताई, आधी मान. पाट आडवा ठेवून त्यावर वाकून काढत असेल तर ते बंद करा, पाटाखाली चारपाच जाड पुस्तकं घालून उतार द्या, कागद डोळ्यांच्या जवळ यायला हवा, डोळे कागदाजवळ नकोत. दर अर्ध्या तासाने उठून लांब काहीतरी बघायचं, मोबाइल नाही. हाताखाली साधा कोरा कागद ठेवायचा, घाम आणि तेल चित्राला लागत नाही. उजव्या हाताची असेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातून उतरत यायचं. ००५ नंबरचं पेन ०.२० मिलिमीटरची रेघ देतं, ते खरखरीत कागदावर दाबून चालवलं की निब बसतंच, त्यामुळे गुळगुळीत कागद घ्या, पेनचे पैसे वाचतील. आणि सगळं चित्र ००५ ने काढायचा हट्ट नको, जाड रेघ शेजारी असल्याशिवाय बारीक रेघ बारीक दिसत नाही.

सरांचं म्हणणं एकदम उडवून लावू नका. मंडलाटाइप (गोल नक्षीच्या) कामात हात पुढे पळतो आणि डोकं मागे राहतं, कोपरा रिकामा दिसला की भर, दिसला की भर. तिला जपानच्या मानाबू इकेदाचं काम दाखवा. मुख्य सामान पेन आणि अ‍ॅक्रिलिक शाई. २०११ च्या त्सुनामीनंतर त्याने "रीबर्थ" नावाचं चित्र काढलं, अमेरिकेतल्या मॅडिसनच्या चेझन म्युझियममध्ये बसून, २०१३ ते २०१६, तीन मीटर बाय चार मीटर. अवशेषांतून उगवलेलं एक प्रचंड झाड, फांद्यांत मोडकी घरं, गाड्या, माणसं. त्यातला कुठलाही हातभर तुकडा घेतला तरी तिथे काहीतरी घडतंय. मुलीला तिच्या चित्रातला असाच एक तुकडा दाखवून विचारा, इथे काय चाललंय? तिला सांगता आलं तर सरांना मी पत्र लिहितो. नाही आलं तर तो तुकडा पुढच्या चित्रात रिकामा ठेवायला सांगा, रिकामं ठेवणं शिकायला वेळ लागतो आणि ते भरण्यापेक्षा अवघड आहे.

आणि एक, तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की जुनी चित्रं तिने साध्या बॉलपेनने काढलीत आणि ती हॉलमध्ये खिडकीसमोर लावलीत. काढा ती तिथून. बॉलपेनची शाई बहुतेक उजेडाने उडते, निळी तर लवकरच. आधी चांगल्या उजेडात स्कॅन नाहीतर फोटो काढून ठेवा, मग आतल्या भिंतीवर लावा जिथे ऊन येत नाही.