अरापायमा, ॲलिगेटर गार, टायगरफिश की वेल्स: गोड्या पाण्यातला सगळ्यात ताकदवान शिकारी मासा कोणता?

तुम्ही या चौघांत अंगात जोर कोणाच्या जास्त, असं विचारलंय. माझं मत आधीच सांगतो: निव्वळ अंगबळात अरापायमा. पण वजनाच्या मानाने ताकद मोजायची असेल, तर चौघांपैकी कोणीच नाही.

लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं. स्नायूचा जोर मात्र त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि ते चौपटच वाढतं. म्हणून या हिशेबात लहान मासे मोठ्यांना भारी पडतात. काळ्या पिरान्हाचा चावा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजला गेला: ३२० न्यूटन (न्यूटन म्हणजे जोर मोजायचं एकक), स्वतःच्या वजनाच्या साधारण तीसपट. मासा जेमतेम किलोभराचा!

हे पुस्तकी वाटत असेल तर आमच्या नागपुरात मासळी बाजारात जिवंत मरळ हातात घेऊन बघा. मरळ हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे टबातल्या थोड्याशा पाण्यातही जिवंत राहतो. मधूनमधून तोंड वर काढून हवा घेताना दिसतो. कल्ल्यांमागे घट्ट धरला की आधी क्षणभर गप्प राहतो, मग सगळं अंग एका बाजूला वळवतो आणि शेपटीचा असा फटका देतो की पकड सुटलीच म्हणून समजा. किलोभराच्या मरळाची ही गत, तर दोनशे किलोच्या माशाचं काय असेल!

ॲमेझॉनचा अरापायमा त्या वजनापर्यंत जातो, लांबी तीन मीटरच्या आसपास. तोही हवेतूनच श्वास घेतो, त्यामुळे उन्हाळ्यात तळ्यातला ऑक्सिजन घटून बाकीचे मासे मलूल होतात तेव्हाही हा शिकारीला तयार. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर शेपटीजवळ सरकलेले, म्हणजे एका झटक्यात पुढे झेपावण्यासाठीच घडवलेलं अंग. खवल्यांचा बाहेरचा थर टणक, आत कोलॅजन या चिवट प्रथिनाचे एकमेकांना छेदत जाणारे थर. पिरान्हाचा दातही सहजासहजी आत शिरत नाही. ताकद, झेप आणि चिलखत हे तिन्ही एवढ्या वजनात एकत्र दुसऱ्या कोणाकडे मला दिसत नाही.

वेल्स म्हणजे युरोपातला मोठा कॅटफिश. तो लांबीत अरापायमाच्या जवळ येतो. इटलीच्या पो नदीत २०२३ साली २.८५ मीटरचा सापडला होता. पण त्याचं शरीर मागे निमुळतं आणि चपटं होत जातं. तरी फ्रान्समधल्या आल्बी शहरातले वेल्स काठावर झेप घेऊन कबुतरं पकडतात आणि अंग वळवत परत पाण्यात जातात, हे अफाटच आहे. अशा झेपांपैकी २८ टक्के यशस्वी ठरल्याचं नोंदलं गेलंय.

टायगरफिश वजनाने बाकी तिघांपेक्षा बराच कमी, पण आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या वेगवान प्रवाहात तो शिकार करतो. वाहत्या पाण्यात टिकून राहण्याची शर्यत लावली तर माझा पैसा त्याच्यावर.

गारची खरी ताकद म्हणजे खवले. त्यांच्यावर दाताच्या इनॅमलसारखा कडक थर असतो. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात २०११ साली १४८ किलोचा सापडलाय. एरवी तो संथ, झडप तेवढी जबरदस्त. इथे एक कळकळीची विनंती: हा मासा २०२३ मध्ये भोपाळच्या तलावातही सापडलाय. घरच्या काचेच्या टाकीत मावेनासा झाला म्हणून कोणी तो नागपूरच्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावात सोडू नका. आपल्या मरळाचं आणि त्यावर पोट असलेल्या ढिवर बांधवांचं त्यात नुकसानच आहे.

मेकाँगचा राक्षसी कॅटफिश का घेतला नाही, असं कोणी विचारेल. २००५ साली थायलंडमध्ये २९३ किलोचा मिळाला होता, म्हणजे वजनात तो या चौघांच्याही पुढे. पण मोठा झाल्यावर त्याला दात राहत नाहीत आणि तो मुख्यतः शेवाळ खातो, म्हणून शिकाऱ्यांच्या यादीत मी त्याला धरत नाही.