हनुवटीला मार, दुखतंय मात्र कानापाशी

प्रश्न : आई ६३ वर्षांची आहे, चार दिवसांपूर्वी चालता चालता तोंडावर पडली. हनुवटीला टाके पडले, ती जखम भरत आलीय पण आता म्हणते दोन्ही कानांपुढे दुखतंय, दात नेहमीसारखे बसत नाहीत आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. सूज उतरली की होईल ना नीट?

उत्तर : सूज उतरायची वाट बघू नका, आजच ओरल सर्जनकडे (तोंड-जबड्याची ऑपरेशनं करणारे डॉक्टर) न्या. खालचा जबडा कमानीसारखा असतो, हनुवटीवर आदळलं की धक्का वर कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो आणि तिथलं हाड बारीक असल्यामुळे तिथेच मोडतं, कधी एका बाजूला, कधी दोन्हीकडे, शिवाय हनुवटीतही तडा असू शकतो. टाके घालताना सगळ्यांचं लक्ष जखमेकडे असतं त्यामुळे हे राहून जातं, फार वेळा राहतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे दात बसण्यात पडलेला फरक. मागच्या दाढा टेकतात पण पुढचे दात उघडेच राहतात असं असेल तर दोन्ही सांध्यांजवळ फ्रॅक्चर असायची शक्यता खूप. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का, खालचा ओठ बधिर वाटतो का, जिभेखाली काळंनिळं झालंय का, कानातून रक्त आलं होतं का हेही बघा आणि डॉक्टरांना सांगा. ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्सरे काढतील, सांध्याजवळचं नीट दिसायला सीटी स्कॅन लागतो.

ऑपरेशनच करावं लागेल असं नाही. हाड फारसं सरकलं नसेल आणि दात बरोबर बसत असतील तर मऊ खाणं आणि व्यायाम यावर भागतं, नाहीतर काही आठवडे वरचे-खालचे दात वायरने बांधतात किंवा प्लेट-स्क्रू बसवतात. वायर असेल तर ती कापायची कात्री कायम आईच्या हाताशी ठेवा, उलटी झाली तर कापावी लागते, कुठली कापायची ते आधीच शिकून घ्या. डॉक्टरांना दाखवेपर्यंत जबड्याला घट्ट पट्टी बांधू नका.

आणि एक, आई पडली कशामुळे? पाय अडखळला की चक्कर आली? हनुवटीवर पडताना हात पुढे आले नसतील तर आधी शुद्ध गेली होती का ते विचारा, मग बीपी, शुगर, ईसीजी, चालू गोळ्या सगळं तपासावं लागेल. उलट्या, गुंगी, मान दुखणं असेल तर थेट इमर्जन्सीत.

प्रश्न : सात वर्षांचा मुलगा सायकलवरून हनुवटीवर पडला, आता दुखत नाही पण तोंड पूर्ण उघडत नाही. लहान आहे, भरून येईल ना?

उत्तर : मुलांचं हाड लवकर जुळतं हे खरं, पण याच वयात सांधा जखडायची भीती जास्त, मग तोंड उघडेनासं होतं आणि जबडा वाढताना चेहरा एका बाजूला वाकडा होऊ शकतो. म्हणून दुखत नसलं तरी दाखवाच. बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, पण तोंड उघडायचे व्यायाम सांगितले तर रोज करून घ्या, रडला तरी, आणि पुढची काही वर्षं तपासणी चुकवू नका.